बांगड्यांचा आहेर कोणाला?



गेल्या आठवड्यात आपल्या कारखान्याच्या गेटवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संप सुरू असताना दुसऱ्या पाळीला निघालेल्या एका हेल्परला सायकलवरून ओढलं, तोंडाला वंगण फासलं आणि हातात हिरव्या बांगड्या भरल्या. त्याचा व्हिडिओ त्याच्या मुलीच्या शाळेपर्यंत पोचला. पगार तुटपुंजा आहे, कंत्राटी भरतीनं आपली पोरं देशोधडीला लागली, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण वंगण कोणाच्या तोंडाला लागलं? मॅनेजरच्या नाही.

आणि बांगड्याच का हो? बांगड्या घालणारे हात भित्रे, हे कोणी ठरवलं? डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, त्या पन्नासहून जास्त दिवस टिकल्या. आपल्या संपवाल्या शूरवीरांना आठवड्याच्या आत माणसांना मारहाण करून संप उभा ठेवावा लागतो. आहेर करायचाच, तर त्या बायांकडे आधी शिकवणी लावा.

गेटवरच्या भाषणात १९८२चा गिरणी संप निघतोच. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, हे सांगताना आवाज चढतो. पुढचं मात्र गिळलं जातं. पगार-बोनसइतकाच तो राग १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर होता. त्या कायद्यानं कापड गिरण्यांवर एकच प्रातिनिधिक संघटना बसवली होती. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नाही, तरी त्यांच्या नावानं बोलणार तीच! नको असलेली संघटना झुगारता यावी, हेही त्या संपाचं कारण होतं. पुढाऱ्यांनो, त्याच संपाची शपथ घालून आज आम्हाला वर्गणीची पावती फाडायला लावता?

म्हणे सभासद नसलेले आम्ही फुकटे. करार तुम्ही करायचा, वाढ आम्ही खायची. जरा हिशेब करू. १९७१च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे कारखान्यातले ३० टक्के कामगार सहा महिने सभासद असले की संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते. मान्यता मिळाली की उरलेल्या ७० टक्क्यांच्या वतीनंही वाटाघाटी तिच्याच. ही मक्तेदारी आम्ही दिलेली नाही, तुम्ही अर्ज करून घेतलीत. सगळ्यांच्या नावानं सही करायची हौस तुमची, मग सगळ्यांना वाढ मिळाली की पोटात का दुखतं?

दुसरं ठरलेलं वाक्य, ‘मालकाचा चमचा’. भाडं थकलंय, आईचं डायलिसिस आहे, संपाच्या दिवसांचा पगार कापला जातो. असा माणूस कामावर गेला तर चमचा. आणि साहेबाच्या केबिनमध्ये चहा पिऊन येणारे पुढारी? ते वाटाघाटीला गेले होते.

आता त्याच १९७१च्या कायद्याची शेवटची पानं उघडा, जी गेटवर कधी वाचून दाखवत नाहीत. तिसऱ्या अनुसूचीत संघटनांच्या अनुचित प्रथा दिल्या आहेत. सभासद हो किंवा होऊ नको म्हणून जबरदस्ती करणं, संपात नसलेल्यांना आत जाता येणार नाही अशा रीतीनं गेट अडवणं, त्यांना धमकावणं, मारणं, सगळं तिथे आहे. ज्या कायद्याखालच्या मान्यतेसाठी कोर्टात खेटे घातलेत, त्यातच हेही आहे.

एकजूट फुटते म्हणता? ती जुळवायची रीतही त्याच कायद्यात आहे. मान्यताप्राप्त संघटना असेल तर संपाची नोटीस देण्याआधी तिच्या बहुसंख्य सभासदांचं मत घ्यावं लागतं आणि नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. आपल्याकडे मत कसं घेतलं? संध्याकाळी गेटवर हात वर करायला लावले. समोर पुढारी आणि बाजूला त्यांची पोरं असताना हात खाली ठेवायची कोणाची छाती होती?

आमचं मागणं एवढंच: संप ठरला त्या मतदानाचा कागद, आकड्यांसकट, गेटच्या फलकावर लावा. आणि ज्यांनी गेटवरचा वंगण-बांगड्यांचा प्रकार डोळ्यांनी पाहिला त्यांनी आमच्याकडे नाव द्यावं. औद्योगिक न्यायालयात तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांच्या आत करायची असते, आणि साक्षीदारांशिवाय ती टिकणार नाही.