सूर खाली उतरवून गाणारी माणसे

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. संध्याकाळी घरातली मंडळी गाण्याच्या कार्यक्रमाला निघतात. ‘बाबा, येता का?’ असे विचारले जाते आणि लगेच पुढे जोडले जाते, ‘पण तुम्हाला झेपायचे नाही.’ बाबा घरी थांबतात. आज मला बाबांची बाजू मांडायची आहे.

अमेरिकेत ‘सोल’ नावाची एक गानपरंपरा आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांतून ती आकाराला आली. मुख्य गायकाने ओळ टाकावी आणि साथीदारांनी ती उचलून धरावी, ही तिची रीत. भजनात टाळकऱ्यांनी ध्रुपद धरलेले ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

या परंपरेतील ‘फोर टॉप्स’ हा डेट्रॉइटचा संच. लीव्हाय स्टब्ज, ड्यूक फकीर, ओबी बेन्सन आणि लॉरेन्स पेटन हे चार मित्र १९५३ च्या सुमारास एकत्र गाऊ लागले आणि १९९७ मध्ये पेटन यांचे निधन होईपर्यंत चौघांपैकी एकही बदलला नाही. पुढे मुख्य गायक स्टब्ज यांना आजारपण व पक्षाघातामुळे रंगमंच सोडावा लागला. तरीही संचाच्या पन्नाशीनिमित्त २००४ मध्ये डेट्रॉइटला झालेल्या सोहळ्यात ते चाकांच्या खुर्चीतून मंचावर आले आणि गायले. फकीर तर २०२३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८७ व्या वर्षापर्यंत, गात राहिले. २०२४ मध्ये ते गेले.

असे ज्येष्ठ संच लहान सभागृहात ऐकण्याचा लाभ निराळा असतो. तेथे गायकाचा श्वास दिसतो. वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, फुप्फुसांची क्षमता घटते, दीर्घ स्वर तुटू लागतो. जाणता गायक मग पट्टी खाली घेतो, दोन गाण्यांत थोडे बोलतो, उंच जागा तरुण साथीदाराकडे सोपवतो, प्रसंगी उंच स्टुलावर बसून गातो. समोर बसलेल्या सत्तरीच्या श्रोत्याला हे पाहून जे समजते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिता येत नाही. जिना टाळून उद्वाहनाने जाणे, काठी हाती घेणे, कानात यंत्र घालणे, हीसुद्धा पट्टी खाली घेणेच आहे. त्यात पराभव कसला?

संगीताचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी स्मरणात खोलवर रुजतात. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांत इतर आठवणी पुसट झाल्या तरी ही गाणी बराच काळ टिकतात. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा गेली, त्यांच्यापैकी काहींना बोलता न आलेले शब्द गाताना उच्चारता येतात. याच आधारावर १९७० च्या दशकात स्वराधारित वाचोपचाराची एक पद्धत विकसित झाली. मात्र ही आजारावरची मात्रा नव्हे. आणि आपल्या घरातील ज्येष्ठांच्या तरुणपणी नाट्यगीते असतील, तर कार्यक्रमही नाट्यगीतांचाच निवडावा.

आता सावधगिरी. लहान सभागृहात आवाज फार जवळ असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुसह्य मानला, तर दर तीन डेसिबलच्या वाढीमागे ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सभागृहांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, तीही कानबोळ्यांची सोय ठेवून. म्हणून ध्वनिक्षेपकांपासून दूर, कडेची खुर्ची घ्यावी. कानबोळे खिशात असावेत. श्रवणयंत्र असल्यास त्यात संगीतासाठी वेगळी योजना आहे का, हे तज्ज्ञांना आधीच विचारावे. तिकीट काढण्यापूर्वी बसायला खुर्च्या आहेत का, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कोठे, याची चौकशी करावी. अशा अनेक ठिकाणी श्रोते उभेच असतात. रात्रीच्या गोळ्यांची व जेवणाची वेळ चुकू देऊ नये. अंधारात एकदम उठू नये, क्षणभर बसून मग उभे राहावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गर्दीने अस्वस्थ वाटू लागले, तर मध्येच परतावे. तिकिटाच्या पैशांचा हिशेब तेव्हा करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एवढीच विनंती : ‘झेपणार नाही’ हा निर्णय परस्पर घेऊ नका. विचारा, आणि उत्तराची वाट पाहा. बाबा कदाचित ‘नको’ म्हणतील. पण ते त्यांनी म्हटलेले असेल. ‘येतो’ म्हणाले, तर अर्धा तास लवकर निघा आणि त्यांच्या चालीने चाला.