तार एकाच कंपनीची
पुण्यात वारजे माळवाडीतल्या आमच्या इमारतीच्या डक्टमधून एकाच कंपनीची इंटरनेटची फायबर वर येते. दर वाढला तरी गुमान भरावा लागतो. दरांबाबत एक नियम आहे खरा: दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि मोजक्याच साइट फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला गाशा गुंडाळावा लागला. नियम मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार रुपये दंड! तो निर्णय मला आजही लाखमोलाचा वाटतो. मी काय पाहावं, हे तार ओढणाऱ्याने का ठरवावं? पण मुळात दर किती असावा, हे त्या नियमाच्या कक्षेतच नाही. बिलात १८ टक्के जीएसटी वर, शिवाय नको असलेली ओटीटी गळ्यात. सोसायट्यांनी निदान दुसऱ्या कंपनीला डक्ट उघडून द्यावा. पुढच्या सभेत मी तोच ठराव मांडणार आहे.