आई काय करते?

"बाबा काय करतात?"

"मागावर जातेत."

"आणि आई काय करते?"

"कायबी करत न्हाई. घरीच असती."

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीत, आमच्या बालवाडीत मी हे उत्तर ऐकले. उत्तर देणारी मुलगी चार वर्षांची. तिची आई त्या वेळी समोरच्याच उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मुलीला ती दिसत होती. तरीही "कायबी करत न्हाई."

मी बालवाडीच्या शिक्षिकांची शिबिरे घेते. क्रियापदे आणि त्यांचे अर्थ मुलांना कसे शिकवायचे, हा पाठ माझ्याकडे असतो. तेव्हा त्या मुलीला दोष देण्याआधी मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले. मुलगा पळतो. मुलगा झाडावर चढतो. बाबा पेपर वाचतात. आई पोळ्या लाटते. ताई केर काढते. बाळ रडते. हा तक्ता बाहेरच्या कोणी आमच्यावर लादला नव्हता. आम्हीच बाजारातून आणून, खिळा ठोकून लावला होता. हुंडाबळींविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आम्ही बायका! चार वर्षांच्या मुलीसमोर रोज काय टांगले आहे, हे आमच्यातल्या एकीनेही नीट पाहिले नव्हते.

मैत्रिणींनो, लहान मुलाला क्रियापद शिकवणे म्हणजे जगात कोण काय करते हे शिकवणे. नामे शिकवताना आपण वस्तू दाखवतो. क्रियापद शिकवताना करणारा माणूस दाखवावा लागतो. तो कोण दाखवायचा, तिथेच राजकारण सुरू होते.

कोणी म्हणेल, मराठीचीच घडण तशी आहे. तो पळतो, ती पळते. प्रमाण मराठीत "मी" म्हटले तरी सुटका नाही: मी पळतो, मी पळते. खरे आहे. पण याच मराठीत "आईने भाकरी भाजली" आणि "बाबांनी भाकरी भाजली" या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच राहते. ते भाकरीप्रमाणे चालते, भाजणारा बाई की पुरुष हे विचारत नाही. आणि मूल ज्या रूपाने क्रिया पहिल्यांदा अंगाने शिकते, ते आज्ञार्थी रूप तर सर्वांना सारखेच: ऊठ, पळ, चढ, वळ, मोज. भाषेने वाट मोकळी ठेवली आहे. ती बुजवली तक्त्याने.

दुसरा आक्षेप आमच्याच एका कार्यकर्तीचा. ती म्हणाली, "घरात जे दिसते तेच चित्रात दाखवले, त्यात काय चुकले?" मी म्हणते, तेच तर दाखवलेले नाही! त्या उंबऱ्यातली बाई पाने भिजवते, कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते, मोजते, कट्टे बांधते, कारखान्यात नेऊन देते आणि हजारामागे मजुरी आणते. ही झाली एका विडीची क्रियापदे. पाणी, भाकरी, धुणे, पोरे यांची अजून मोजलीच नाहीत. तक्त्यातल्या आईला मात्र हसतमुखाने एकच पोळी लाटायची आहे.

सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांपासून पुढच्या वयाच्या माणसांची ती पाहणी. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती. असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, पुरुष २६. हे सगळे काम "घरीच असते" या दोन शब्दांत गडप होते.

त्याच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष मिळून भाजी निवडताना दाखवले गेले. चांगलेच झाले. पण मूल दुसरीत येते सात वर्षांचे होऊन. तोवर "बाबा आईला मदत करतात" हे वाक्य त्याच्या तोंडी बसलेले असते. मदत! म्हणजे काम मूळचे तिचेच. हे क्रियापद तर मी बालवाडीतून हद्दपार करीन.

आम्ही तक्ता काढला. मुलांना अंगणात नेले आणि वस्तीतली क्रियापदे सगळ्यांनी मिळून करून पाहिली. मुलींनी माग चालवला, मुलांनी विड्या वळल्या. दुसऱ्या दिवशी एक बाप दारात उभा. "पोराला बायकी कामं शिकवू नका." आठ दिवस त्याने पोराला पाठवले नाही. नवव्या दिवशी आईने हाताला धरून आणून सोडले. ती काही बोलली नाही. मीही विचारले नाही. घरी तिला काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना आपल्याला आहे.

आता शिकवणारीकडे पाहू. गावोगावच्या अंगणवाडीत "काम करणे" हे क्रियापद शिकवणाऱ्या बाईला सरकार कामगार म्हणत नाही. ती "सेविका", तिच्या हाताखालची "मदतनीस". त्यांना पगार नाही, मानधन. ही योजना १९७५ ची. या बायकांचे मानधन हे वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला २०२२ साल उजाडावे लागले. आई घरी "असते" आणि बाई "सेवा करते". दोन्हीकडे चोरी एकाच क्रियापदाची.

म्हणून माझे सांगणे इतकेच. आपापल्या बालवाडीतला तक्ता या आठवड्यात खाली उतरवून नीट पाहा. कर्ता कोण आणि क्रिया कोणती, हे मोजा. प्रत्येक क्रिया प्रत्येक मुलाकडून आणि मुलीकडून करून घ्या. आणि "आई काय करते?" हा प्रश्न विचाराल, तेव्हा पहिल्या उत्तरावर थांबू नका. "अजून काय करते?" असे विचारत राहा.

त्या मुलीला मी तसेच विचारत गेले. तिने उंबऱ्याकडे बघत बोटे मोजली. दोन्ही हातांची संपली, तेव्हा ती शेजारच्या मुलाची बोटे मागू लागली.