वाडा आपला, नफा कोणाचा?

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर भागातील आपल्या जुन्या घरांना सध्या चांगला भाव आहे. मुले पुण्या-बंगळुरूस, घरी दोघे वृद्ध. अशा दारी ‘पार्टी’ येते. लाखभर रुपये बयाणा देते, सौदाचिठ्ठीवर सही घेते, सहा महिन्यांची मुदत मागते. पुढे ती स्वतः घर घेतच नाही. तीच चिठ्ठी चढ्या भावाने बिल्डरला विकते. मधला फरक तिच्या खिशात. गिऱ्हाईक न मिळाल्यास पार्टी फिरकत नाही आणि घर मात्र अडकून पडते.

हा धंदा विनापरवाना चालतो का? अमेरिकेत याला ‘होलसेलिंग’ म्हणतात. तेथील इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये वर्षातून एकाहून अधिक असे सौदे करणाऱ्यास परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे २०१६ चा रेरा कायदा आहे. त्याच्या कलम ९ नुसार १ मे २०१७ पासून दलालाला नोंदणी करावी लागते. न केल्यास रोज १० हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. पण हे बंधन रेरात नोंदलेल्या प्रकल्पातील प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्या दलालापुरतेच. जुना वाडा त्यात येत नाही. शिवाय पार्टी म्हणते, मी दलाल नव्हे, खरेदीदार. करारात मनाई नसेल तर त्यातील हक्क दुसऱ्यास देण्यास कायदा सहसा आड येत नाही. म्हणून राखण आपणच केली पाहिजे.

वाचकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एक, ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय हा करार दुसऱ्यास देता येणार नाही’ हे वाक्य चिठ्ठीत घालावे.

दोन, मुदत थोडी ठेवावी. ती संपल्यावर सौदा रद्द, हेही लिहावे.

तीन, मुखत्यारनामा व ताबा देऊ नये. नुसत्या मुखत्यारनाम्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे. पण तो हाती असला की आपल्या वतीने रजिस्ट्रीवर सही करता येते.

चार, बयाणा चेकनेच घ्यावा. २० हजार वा अधिक रोख बयाण्यास २०१५ पासून मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, बसू शकतो. बँकेत काम करताना आम्हाला दिसते, की हा नियम शिकल्या-सवरलेल्या घरांनाही ठाऊक नसतो.

मात्र एकेका घराची सावधगिरी पुरी पडणार नाही. जुन्या घरांचे सौदे वारंवार करणाऱ्यांनाही नोंदणीची सक्ती हवी, ही मागणी मंडळाने खासदार-आमदारांकडे लेखी मांडावी, असे आम्हास वाटते. मते मागायला आपल्या वाड्यात येणाऱ्यांनी वाड्याच्या प्रश्नाचे उत्तरही द्यावे. तोवर वकिलास दाखविल्याशिवाय आणि मुलांशी बोलल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही नको.