धुळीचा हिशेब

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात परीक्षापद्धती, हुंडा, बेकारी आणि वसतिगृहातील आमटी या विषयांवर लेख येत असतात. सुतारकामात धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रावर कोणी लिहिल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. वाणिज्य शाखेच्या मुलीला हा विषय कोठून सुचला, असे मैत्रिणींनी विचारलेच. उत्तर सोपे आहे. गेली तीन वर्षे मी माझ्या मामांच्या धंद्याचा हिशेब लिहिते. त्या वहीत या यंत्रापायी जो खड्डा पडला, तो माझ्या सल्ल्याने पडला. तेव्हा चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

मामा सुतार. शहापुरात त्यांचे लहानसे दुकान आहे, पण खरे काम चालते ते लोकांच्या फ्लॅटमध्ये. कपाटे, ओटे, टीव्हीचा कोनाडा, सगळे जागेवर बसून करायचे. बेळगावला खानापूर-दांडेलीची जंगले जवळ, म्हणून आजोबांच्या हाताला सागवानाचीच सवय होती. रंधा मारला की कुरळ्या साली पायाशी पडत, करवतीचा भुसा खालीच बसे आणि संध्याकाळी झाडून पोत्यात भरला की काम संपले. मामांच्या हाती आता प्लायवूड आणि एमडीएफ येते, आणि रंध्या-करवतीच्या जागी कटर, ट्रिमर आणि सँडर आले आहेत. सँडरमधून निघते ते पीठ. एमडीएफ म्हणजे मुळातच लाकडाचा भुगा आणि युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद, त्यामुळे ते घासले की पिठाहूनही बारीक धूळ उडते. ती खाली पडत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते, आणि त्यातला सर्वांत वाईट भाग डोळ्यांना दिसतच नाही.

मामा सकाळी उठल्यावर पाऊण तास खोकतात. डॉक्टर म्हणाले, "धुळीपासून लांब राहा." घरी आल्यावर मामा एवढेच म्हणाले, "भटजीला सांगा, धुरापासून लांब राहा म्हणून."

हा विनोद इथेच सोडला पाहिजे, कारण पुढची गोष्ट विनोदाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, तोच हा गट. रोग होतो तो मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि तिच्या आजूबाजूच्या सायनसचा. युरोपीय संघात २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा कामाच्या जागी एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम आहे. मी गणित केले. दहा फूट बाय तेरा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या अख्ख्या खोलीच्या वाट्याला एका वेळी येते ७२ मिलिग्रॅम धूळ. मिठाची चिमूटसुद्धा याहून जड असते! आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात धुळीविषयी कलम होते, पण ते कारखान्यांसाठी. एक मिस्त्री, दोन मदतनीस आणि दुसऱ्याचा दिवाणखाना, हा कारखाना नव्हे. तेव्हा मामांची राखण मामांनीच करायची.

आता माझी चूक सांगते. पहिले यंत्र घ्यायला मी मामांबरोबर गेले. दुकानात लहान-मोठी अशी अनेक यंत्रे मांडली होती. मी वाणिज्याची विद्यार्थिनी, वही काढली आणि प्रत्येकाची किंमत टाकीच्या लिटरने भागली! सर्वांत स्वस्त निघाला तो ३० लिटरचा स्टीलचा ड्रम. वॅटही त्याचेच जास्त. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ड्रम रिक्षात चढला.

पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात त्याचा फिल्टर बुजला. टाकी जेमतेम तळापुरती भरली होती, पण ओढ संपली. मदतनिसाने फिल्टर काढून गॅलरीत आपटला आणि वर ब्लोअर मारला. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीकडे ब्लोअर असतो, आणि माझ्या मते सुतारकामातले याहून घातक यंत्र नाही. बसलेली धूळ उठवून नाकात घालणे एवढेच त्याचे काम. ड्रमच्या मागच्या जाळीतून जी हवा बाहेर येत होती, तिच्यासमोर मी काळा कागद धरून पाहिला. दहा मिनिटांत कागद पांढुरका झाला. म्हणजे जाडा भुसा, जो झाडूनेही गेला असता, तो ड्रम पकडत होता, आणि ज्याच्यासाठी पैसे मोजले ती बारीक धूळ पंख्याने खोलीभर पसरत होती.

त्यानंतर मी परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून (प्राध्यापकांनी हे वाक्य वगळून वाचावे) यंत्रांची माहितीपत्रके वाचली. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते, ते ओढते किती हे त्यावरून कळत नाही. ओढण्याचे आकडे दोन असतात, मिनिटाला किती लिटर हवा जाते आणि अडथळा आल्यावर ओढ किती टिकते. लहान एक्स्ट्रॅक्टरच्या खोक्यावर मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास आकडा दिसतो. तो नळी न लावता, कोऱ्या फिल्टरवर मोजलेला असतो. धूळ नळीत न बसता वाहत राहावी, यासाठी नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटर हवा, असे युरोपातले मानक धरते. २७ मिलिमीटरच्या नळीला त्यासाठी मिनिटाला सुमारे ७०० लिटर लागतात, ३६ मिलिमीटरच्या नळीला १,२०० च्या वर. मामांनी ड्रमला "मोठी ओढ येईल" म्हणून जाड पाइप जोडला होता. बुजलेल्या फिल्टरवर त्या पाइपातून वाऱ्याची झुळूक तेवढी जात असणार. सँडरला बारीक नळीच बरी.

पण माझ्या मते सर्वांत आधी पाहायचा तो धुळीचा वर्ग. एल, एम आणि एच असे तीन वर्ग आहेत. एल वर्गाच्या यंत्रातून शंभरात एक भाग धूळ परत बाहेर आलेली चालते, एम वर्गात हजारात एक. एच हा ॲस्बेस्टॉससारख्या विषारी धुळीसाठी. एल आणि एम यांच्यात दहापट अंतर आहे, आणि लाकडासाठी जर्मनीत एम मागतात ते उगाच नाही. एम वर्गाच्या यंत्राला आणखी एक बंधन आहे. नळीतला वेग २० मीटरच्या खाली गेला की त्याने भोंगा वाजवायचा. आमचा ड्रम गप्प बसून फसवीत होता. हे यंत्र निदान ओरडते. नुसती "हेपा" अशी चिठ्ठी पाहून भुलू नये. फिल्टर कितीही चांगला असो, झाकणाच्या रबरातून हवा निसटत असेल तर त्याचा उपयोग काय?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फिल्टर आपोआप झटकला जावा. आत कापडी पिशवी असावी, म्हणजे रिकामे करताना धूळ पुन्हा तोंडावर येत नाही. नळी अँटिस्टॅटिक असावी, नाहीतर कोरड्या दिवसांत झटके बसतात. आणि लोखंड घासणारा ग्राइंडर त्याच यंत्राला कधीही जोडू नये. भुशाच्या पिशवीत ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

प्लगविषयी मात्र सांगितलेच पाहिजे, कारण ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. या यंत्रांच्या अंगावर सॉकेट असते. सँडर त्यात लावला की सँडरबरोबर यंत्र आपोआप सुरू होते. सोय मोठी आहे. पण १,२०० वॅटचे यंत्र आणि १,३०० वॅटचा कटर मिळून २,५०० वॅट झाले, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ११ अँपिअर. दिवाणखान्यातला साधा प्लग ६ अँपिअरचा. त्यावर हे चालवू नये. स्वयंपाकघरातून नाहीतर गीझरजवळून १६ अँपिअरची वायर ओढावी लागते.

आता प्रश्न असा की लहानच यंत्र का? कारण तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नसते. मामांचे सामान रिक्षातून जाते आणि जिन्याने चढते. जे यंत्र एका हाताने उचलत नाही, ते दुसऱ्या दिवसापासून दुकानात पडून राहते, आमच्या ड्रमसारखे. दहा-पंधरा लिटरची टाकी सँडरला पुरते. इलेक्ट्रिक रंध्याला ती पुरत नाही, साली तिला क्षणात भरून टाकतात. पण सालींना झाडू आहे! नाकात जाते ती धूळ पकडा, पायाशी पडते ते पोत्यात भरा, असे माझे मत आहे.

मामांचे मत निराळे होते. "एवढ्या पैशांत कटर आणि ट्रिमर दोन्ही येतात की गं. मी मास्क बांधतो." मास्क बांधावाच. पण तो बांधणाऱ्यापुरता. आमचा मदतनीस बैलहोंगलकडचा, त्याच्या गळ्यात मास्क दिवसभर लोंबतो आणि विडी ओढताना तेवढा आठवतो. शिवाय घरमालकाचे म्हातारे वडील आतल्या खोलीत झोपलेले असतात, त्यांना मास्क कोण बांधणार?

म्हणून मी मामांपुढे हिशेब मांडला. आकडे उदाहरणापुरते आहेत. यंत्र ४५,००० रुपयांचे धरले, पाच वर्षे, वर्षाला २०० दिवस. दिवसाला ४५ रुपये. पिशव्या आणि फिल्टर यांचे ३५ धरा. झाले ८०. बारा दिवसांच्या कामाला ९६० रुपये. काम दीड लाखाचे असेल तर शेकड्याला एक रुपयाही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत सुतार हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे. तिच्यात पहिला हप्ता एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने, तारण न ठेवता मिळतो. मामांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

माझा आग्रह पुढचा आहे. एस्टिमेटमध्ये ही रक्कम वेगळ्या ओळीवर लिहावी: "धूळ ओढण्याचा खर्च." सनमायक्याची, बिजागऱ्यांची, वाहतुकीची ओळ असते, मग हीच का लपवायची? मामा म्हणाले, "लोक हसतील. धुळीचे पैसे कसले म्हणून विचारतील." विचारले तर सांगता येते. लपवलेल्या खर्चाची घासाघीस सुरू झाली की पहिला बळी त्याचाच जातो. टिळकवाडीतल्या एका गृहस्थांनी ती ओळ वाचली, घरात लहान मूल असल्यामुळे काही न बोलता मान्य केली. दुसऱ्या ठिकाणी मालकांनी लाल पेनाने ती खोडली आणि वर म्हणाले, "आम्ही नंतर मोलकरणीकडून पुसून घेऊ." मामांनी तिथेही यंत्र नेलेच. मला ते पटले नाही, पण हिशेबाच्या वहीत तसे लिहिले आहे.

नव्या यंत्राची पिशवी पहिल्यांदा भरली तेव्हा मदतनिसाने ती हातात तोलून पाहिली. "अक्का, इष्टु धूळ?" मराठीत धूळ, कन्नडात धूळु, आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांत या शब्दाला भाषांतर लागणार नाही. मग त्याने ती पिशवी झटकून पुन्हा वापरता येईल का ते विचारले. मी नाही म्हटले. मामांनी डोळ्यांनीच त्याला हो म्हटले असावे, कारण महिनाभरात वहीत पिशव्यांची खरेदी एकच दिसते. त्यावरून आमचे भांडण चालू आहे.

कटरला मात्र अजून नळी लागत नाही. त्याचे तोंड वेगळ्या मापाचे आहे. सध्या मामांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून तार आवळली आहे, आणि अर्धी धूळ तिथूनच निसटते. जोडणी मागवली आहे.