टिक दिसते, पण ती कशावर लागली आहे?

दिग्रसच्या आमच्या घरी कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुना संगणक आहे. घरातली सगळी कागदपत्रे त्यात आहेत: शेताचे सातबारे, अब्बांच्या पेन्शनचे कागद, बहिणींचे निकाहनामे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, आर्णीच्या उरुसातले फोटो. त्यातच मरहूम अब्बांच्या आवाजातली चार रेकॉर्डिंग होती. एकात अब्बा खानदानातल्या सात पिढ्यांची नावे सांगत होते. ते रेकॉर्डिंग आता नाही. एका छोट्याशा चौकोनामुळे ते गेले. वाचकांच्या घरी तसे होऊ नये म्हणून या महिन्यात त्या चौकोनाविषयी.

संगणकातली जागा संपत आली होती. आमच्या आपांचा मुलगा यवतमाळला इंजिनीअरिंग शिकतो. सुट्टीत त्याने पायथॉन भाषेत स्वतःचा एक फाईल ब्राउझर लिहून दिला. फाईल ब्राउझर म्हणजे संगणकातल्या फाइली आणि फोल्डर पाहण्याचा, हलवण्याचा, काढून टाकण्याचा प्रोग्राम. विंडोजमधला फाईल एक्सप्लोरर हा आपल्या रोजच्या ओळखीचा. भाच्याच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नावापुढे टिक लावायचा चौकोन होता आणि खाली दोन बटणे, एक 'कॉपी करा' आणि दुसरे 'काढून टाका'. अम्मींनाही जमेल इतके सोपे.

आम्ही 'अब्बा' नावाचे फोल्डर उघडले आणि तीन धूसर फोटोंवर टिक लावली. फोल्डरच्या स्वतःच्या चौकोनात एक आडवी रेघ आली. 'आतले काही निवडले आहे, सगळे नाही' असा तिचा अर्थ. आम्ही 'काढून टाका' दाबले आणि अख्खे फोल्डर गेले. रिसायकल बिन उघडून पाहिला तर रिकामा. पायथॉनच्या साध्या आज्ञेने काढलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जातच नाही, ती थेट पुसली जाते.

फोटो नातेवाइकांच्या फोनमधून परत मिळाले. तीन रेकॉर्डिंग उमरखेडच्या खालांकडे आणि पुसदच्या चाचांकडे सापडली. चौथे कुणाकडेच नव्हते.

भाचा रडवेला झाला. आम्ही रागावलो नाही असे नाही. पण अम्मी म्हणाल्या, "पोरगा मदतच करत होता. बोलून काय आवाज परत येणार आहे? दोघे बसा आणि चूक शोधा."

भाचा म्हणाला, "मामू, टिक नीट चालते. कधी कधीच बिघडते."

आम्ही विचारले, "कधी कधी म्हणजे कधी, बेटा?"

याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, आणि खरे काम तिथूनच सुरू झाले. संगणक लहरी नसतो. तेच काम त्याच क्रमाने केले तर सहसा तेच घडते. 'कधी कधी' घडते असे वाटते तेव्हा आपले काहीतरी दर वेळी बदलत असते आणि ते आपल्या लक्षात आलेले नसते.

आम्ही एक वही घेतली. खऱ्या कागदांना हात न लावता एक खोटे फोल्डर बनवले. आत '१', '२', '३' अशा नावांच्या रिकाम्या फाइली आणि आणखी एक फोल्डर. मग प्रत्येक कृती क्रमाने लिहिली. आधी काय उघडले, मग कशावर टिक लावली, यादी वरखाली केली का, पडद्यावर काय दिसले आणि प्रत्यक्षात काय झाले. तीन संध्याकाळी यात गेल्या. मध्ये दोनदा वीज गेली, पण वही होती म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले नाही. तीन वेगवेगळ्या चुका सापडल्या.

पहिली चूक अशी. फोल्डर उघडून मग त्यावर टिक लावली तर आतल्या सगळ्या फाइलींवर टिक लागे. न उघडता लावली तर आतल्या फाइली तशाच राहत आणि पेन ड्राइव्हवर नुसते रिकामे फोल्डर जाई. भाच्याने 'क्यूट' नावाची साधनपेटी वापरली होती. नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीने ती १९९५ साली प्रथम आणली आणि आज जगभरचे प्रोग्राम तिच्यावर चालतात. फोल्डर दाखवणारा तिचा भाग सगळी डिस्क एकदम वाचत बसत नाही. जे फोल्डर उघडाल तेवढेच तो वाचतो. हा दोष नाही. तसे केले नाही तर जुना संगणक ताटकळत बसेल. पण भाच्याचा प्रोग्राम पडद्यावर आलेल्या नावांनाच टिक लावत होता. जे नाव अजून वाचलेच नाही त्याला टिक लागणार कुठून?

दुसरी चूक यादीचा क्रम बदलला की दिसे. नावाऐवजी तारखेप्रमाणे यादी लावली की टिक भलत्याच फाईलवर जाई. कारण प्रोग्रामने फाईल लक्षात ठेवलीच नव्हती, 'चौथी ओळ' एवढेच लक्षात ठेवले होते. रेशनच्या रांगेत 'चौथ्या माणसाला साखर द्या' असे सांगून आपण आत गेलो आणि तेवढ्यात रांग बदलली, तर साखर कुणाला मिळेल? माणसाचे नाव सांगायला हवे होते. इथे ते नाव म्हणजे फाईलचा पूर्ण पत्ता: कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाने.

तिसऱ्या चुकीने आमचे रेकॉर्डिंग गेले. चौकोन दोन प्रकारचा असतो असे आपल्याला वाटते, रिकामा किंवा टिक लावलेला. फोल्डरचा चौकोन मात्र तीन प्रकारचा असतो. क्यूटमध्ये रिकाम्याला ०, अर्धवट म्हणजे रेघेच्या चौकोनाला १ आणि पूर्ण टिकेला २ असा आकडा आहे. भाच्याने लिहिले होते, 'चौकोन शून्य नसेल तर काढून टाक.' १ हा शून्य नाही. म्हणून 'काही निवडले आहे' याचा अर्थ प्रोग्रामने 'सगळे निवडले आहे' असा घेतला. एका ओळीची चूक होती.

दुरुस्ती करताना भाच्याने सगळ्यांची मुळे एकच असल्याचे ओळखले. टिक पडद्यावर एक, प्रोग्रामच्या मनात दुसरी आणि बटणाला कळलेली तिसरी, असे चालले होते. आता प्रोग्राममध्ये एकच यादी आहे, निवडलेल्या फाइलींच्या पूर्ण पत्त्यांची. चौकोन तिच्यावरून रंगवले जातात आणि बटणेही तीच यादी वाचतात. फोल्डरचा चौकोन स्वतंत्र साठवला जात नाही, आतल्या फाइली पाहून दर वेळी ठरवला जातो. न उघडलेल्या फोल्डरवर टिक लावली तर प्रोग्राम ते आधी पूर्ण वाचतो. काढण्यापूर्वी फाइलींची नावे आणि संख्या दाखवून विचारतो, आणि काढलेले रिसायकल बिनमध्ये ठेवतो.

प्रोग्राम लिहिणारे घरोघरी नसतात, पण टिक लावणारे सगळेच असतात. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

विंडोजच्या फाईल एक्सप्लोररमध्येही असे चौकोन आहेत. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ती सोय आहे. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'आयटम चेक बॉक्सेस' असे गेल्यावर ते दिसू लागतात. तिथली टिक म्हणजे फक्त त्या क्षणाची निवड. वीस फोटोंवर टिक लावून एकविसाव्याच्या चौकोनाऐवजी नावावर क्लिक केले तर आधीच्या वीसही टिका जातात. मोकळ्या जागेवर क्लिक केले तरी तेच. याला बिघाड समजू नये, तिथली रीतच तशी आहे.

खिडकीच्या तळाशी किती वस्तू निवडल्या आहेत तो आकडा असतो. काढण्याआधी तो वाचावा. आपण तीन निवडले आणि आकडा साठ दाखवत असेल तर तिथेच थांबावे.

पेन ड्राइव्हवरून काढलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. 'शिफ्ट' दाबून 'डिलीट' केलेलीही जात नाही.

कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्हवरचे फोल्डर उघडून आतल्या एकदोन फाइली चालवून पाहाव्यात, मगच मूळ फाइली काढाव्यात. आणि नवा प्रोग्राम कुणीही दिला, अगदी घरच्या मुलाने, तरी आधी खोट्या फोल्डरवर चालवून पाहावा. यात अविश्वास नाही. आपण नवे कुलूपही दार उघडे ठेवूनच फिरवून पाहतो.

अब्बांचा आवाज गेला, पण नावे राहिली. अम्मींना सातही पिढ्या पाठ होत्या. त्यांनी त्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या हाताने लिहून दिल्या आणि भाच्याने ते पान स्कॅन केले. आता ते आमच्या संगणकात आहे, आपांकडे आहे आणि पुसदलाही आहे. मग अम्मींनी स्वतः ती नावे फोनवर बोलून रेकॉर्ड करून घेतली.

घरची कागदपत्रे एकाहून अधिक ठिकाणी कशी ठेवायची, ते पुढच्या महिन्यात पाहू, इन्शाअल्लाह.