पीठ आणि विद्यापीठ

दोस्तहो, लाठीचा हिशोब आपल्याला तोंडपाठ आहे. कुणी मारलं, कुठल्या ठाण्यात तक्रार घेतली नाही, कोण जामिनावर सुटून मिरवत गावात आला, सगळं. पण लाठी रोज चालत नाही. रोज चालवणं कुठल्याच सत्तेला परवडत नाही. मग मधल्या दिवसांत राज्य कोण करतं?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. हे विद्यापीठ निघालं १९५८ साली. त्याच्या आठ वर्षं आधी बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं होतं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. म्हणजे नाव कुणा उपऱ्याचं नव्हतं. तरी मराठवाडा पेटला. वस्त्या जळल्या, माणसं पोरंबाळं घेऊन गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला.

मला बोलायचंय ते पलिता धरणाऱ्या हाताबद्दल. मालदार होतेच, ते मागं उभे होते. पुढं पळणारा बऱ्याच ठिकाणी कोरडवाहू चार एकरवाला होता, सालगडी होता. त्याच्या सात पिढ्यांत कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात तो आपल्या बापाशेजारी बसून खडी फोडत होता. मग त्याचं असं काय जळत होतं की त्यानं आपलं घर जाळावं?

त्याला एक शब्द दिला होता. अस्मिता. हा शब्द शेतात पिकत नाही. तो अग्रलेखात, प्राध्यापकांच्या भाषणात, कॉलेजच्या गेटसभेत तयार होतो आणि एसटीनं गावात पोचतो. शिवाय तो निव्वळ खोटा असता तर चालला नसता. निजामाविरुद्ध लोक खरंच लढले होते. मराठवाड्याच्या वाट्याला विकास आला नाही हे दुखणंही खरंच होतं, त्यासाठी १९७४ साली आंदोलन झालं होतं. खऱ्या जखमेवर बोट ठेवायचं आणि वैरी भलताच दाखवायचा, ही सारी करामत. सरकारवरचा राग अलगद महारवाड्याकडं वळवला.

घोषणा आठवते? घरात नाही पीठ, मागतात विद्यापीठ. यमक झकास जुळलंय. हसणाऱ्यांत ज्याच्या स्वतःच्या घरचा डबा रिकामा तोही होता, हे मला त्या जाळपोळीइतकंच भयानक वाटतं. त्या एका ओळीनं आपल्याला आपली जागा सांगितली आणि त्याला फुकटात एक पायरी वर बसवलं. पीठ कुणालाच दिलं नाही.

मुसोलिनीच्या तुरुंगात सडत ग्राम्शीनं हेच लिहून ठेवलं. सत्ताधारी वर्ग नुसत्या जबरदस्तीवर टिकत नाही, तो दबलेल्यांची संमती कमावतो, आपलं शहाणपण सगळ्यांचं शहाणपण करून टाकतो. मात्र आपल्याकडं या संमतीला उतरंड आहे. इथं प्रत्येकाला लाथ घालायला खाली कुणीतरी मिळतं, म्हणून वरची लाथ सोसली जाते. हे बाबासाहेबांनी दाखवलं.

आता अस्मितेची परीक्षा घेऊ. २०१३ साली परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव दिलं. नाईक विदर्भातले, पुसदचे. एक झोपडी जळाल्याचं मी ऐकलं नाही. कुणी म्हणेल, तिथं ‘मराठवाडा’ शब्द ठेवला होता. १४ जानेवारी १९९४ ला आपल्याकडंही तो ठेवलाच की! नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. त्यासाठी सोळा वर्षं, नागपूरहून निघालेला लाँग मार्च आणि इतके जीव का लागले? शब्द तेवढाच होता, नाव वेगळं होतं.

आणि आपल्यात? नोकरीत स्थिरावलेला, फ्लॅटवाला आपलाच एखादा म्हणतो, नावानं काय पोट भरतं का? मी चमकून बघतो. साला, हे तर तेच पीठ! घोषणा देणारे थकले, पण ती आता आपल्याच तोंडून बाहेर पडतेय, तीही समजूतदारपणाच्या सुरात.

पुढच्या अंकासाठी एक काम आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा म्हाताऱ्यांना विचारा, १९७८ ला इथं रॉकेल कुणी पुरवलं ते माहीत आहे, पण शब्द कुणी पुरवले? कुठला पेपर वाचला जायचा, पारावर कोण बोलायचं? जसं सांगतील तसं लिहून पाठवा. शुद्धलेखन बघू नका, आम्हीही बघत नाही.